मदत हवी आहे: आखन, मास्ट्रिख्त, लिएज आणि सासूबाईंचे गुडघे

नमस्कार मंडळी,

लेक जर्मनीत आखनला मास्टर्स करतेय. सप्टेंबरात मी, नवरा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई तिच्याकडे जातोय. तिची परीक्षा असल्यामुळे पहिले चार दिवस आमचं आम्हालाच फिरायचंय. नकाशा बघून गंमत वाटली. आखनहून नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्त जेमतेम तीस किलोमीटर, तिथून बेल्जियममधलं लिएज साधारण तेवढंच. पुण्याहून तळेगावला जावं आणि देश बदलावा, असा प्रकार!

प्रत्येकाची फर्माईश वेगळी. मला आखनच्या कॅथेड्रलमधलं शार्लमेन या मध्ययुगीन सम्राटाचं सिंहासन बघायचंय. त्याच्या संगमरवरी फळीवर कुणीतरी सोंगट्यांचा पट कोरून ठेवलाय असं वाचलं, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. नवरा बँकेतून निवृत्त झालाय. ज्या करारातून पुढे युरो आला तो १९९२ साली मास्ट्रिख्तला झाला, म्हणून त्याला तिथे पूर्ण दिवस हवाय. सासूबाईंचं एकच म्हणणं: नेदरलँड्समधल्या वाल्स गावाजवळच्या टेकडीवर तीन देशांच्या सीमा मिळतात तिथे उभं राहून फोटो.

गुडघ्यांमुळे त्या फार तर वीस-पंचवीस पायऱ्या चढतात, त्याही थांबत. अंडंही खात नाहीत. मुक्काम तिन्ही गावांत विभागावा की आखनलाच ठेवावा? लिएज वगळलं तर हळहळ वाटेल का? आणि सीमेवर पासपोर्ट बघतात का? लेक म्हणते झेरॉक्स पुरे, पण मला धीर होत नाही.

प्रतिसाद

ताई, मुक्काम आखनलाच ठेवा. रोज बॅगा ओढण्यात सासूबाईंचे हाल होतील. मास्ट्रिख्तला थेट रेल्वे आहे आणि वाल्समार्गे बसही. बस हिरव्या टेकड्यांतून जाते, एकदा तरी तिनेच जा.

सिंहासन कॅथेड्रलच्या वरच्या गॅलरीत आहे, फक्त गाइडबरोबर सोडतात आणि जिना चढावा लागतो. तुम्ही दोघं आळीपाळीने वर जा. सासूबाईंना खालीच बसवा, त्यांचं काही बुडत नाही. अष्टकोनी घुमटाखाली सम्राट बार्बारोसाने दिलेलं भलंमोठं झुंबर लटकतंय, पुढे उंचच उंच काचांच्या खिडक्या आणि शार्लमेनच्या अस्थी ठेवलेली सोन्याची पेटी. अर्धा तास मान वर करून बसतील.

मास्ट्रिख्तमध्ये १२२९ सालची वेस आहे, आणि जुन्या डॉमिनिकन चर्चमध्ये चक्क पुस्तकांचं दुकान. फक्त रस्ते दगडी, चपला जाड तळव्याच्या घ्या.

लिएजला अर्धा दिवस पुरे. तो प्रसिद्ध ३७४ पायऱ्यांचा जिना खालूनच बघा. रविवारी गेलात तर नदीकाठचा बाजार मिळेल. स्टेशनवर पाटी वाचताना गोंधळू नका: जर्मनीत लिएजला ल्युटिख म्हणतात आणि फ्रेंचमध्ये आखनचं एक्स-ला-शापेल होतं. आम्ही पहिल्यांदा समोर लागलेली गाडी सोडून दिली होती.

पासपोर्ट मात्र मूळच जवळ ठेवा. शेंगेन (म्हणजे एरवी आपापसांत सीमातपासणी नसलेल्या देशांचा गट) असलं तरी सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, झेरॉक्स चालत नाही.

आणि एक. बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राइज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. विचारल्याशिवाय सासूबाईंना देऊ नका. वॉफलमध्ये अंडं असतंच.

मूळ धागाकर्ती

खूप आभार! सासूबाईंना वाचून दाखवलं. चरबीचं ऐकताच थालीपिठाची भाजणी यादीत सगळ्यात वर गेली. झेरॉक्सवरून लेकीला फोनही झाला.

आता एकच शंका. वाल्सहून त्या टेकडीवर टॅक्सीने जायचं ठरवलंय. वर परतीची टॅक्सी मिळते, की जाताना आणलेलीच थांबवून ठेवावी लागते?