मदत हवी आहे: अंटार्क्टिकाच्या काळोखात उपग्रह ओझोन कसा मोजतात?

नमस्कार मंडळी,

मी जिंतूर तालुक्यातल्या (जि. परभणी) एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुली प्रदर्शनासाठी ओझोनच्या छिद्राचा तक्ता करताहेत. नासाच्या संकेतस्थळावरून १९७९ पासूनचे दरवर्षीचे किमान आकडे घेऊन त्यांनी आलेख काढला. ओझोन २२० डॉब्सनच्या (ओझोन मोजायचं एकक) खाली गेला की छिद्र, हे पक्कं झालंय. (३०० डॉब्सन म्हणजे सगळा ओझोन जमिनीवर आणला तर जेमतेम ३ मिलिमीटरचा थर, हे सांगितल्यावर वर्ग एकदम चिडीचूप झाला.)

अडलंय दोन ठिकाणी. १९९५ चा रकाना रिकामा आहे. आणि जून-जुलैच्या नकाशात ध्रुवाभोवती मोठा कोरा डाग आहे. मी सांगितलं, तिथे तेव्हा सूर्य उगवत नाही आणि उपग्रह परत येणारे अतिनील किरण मोजतो. त्यावर एकीने विचारलं, "मॅडम, मग अंधारातच ओझोन जात असंल तर? दिसना म्हणून गेला नाही, असं कसं म्हणावं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिचा प्रश्न असा सोडायचा नाहीये. कुणी समजावून सांगाल का?

प्रतिसाद:

ताई, नेमका प्रश्न आहे. २००४ साली अवकाशात सोडलेल्या नासाच्या ऑरा उपग्रहावरचं ओएमआय हे उपकरण उन्हावर चालतं. त्याच उपग्रहावरचं एमएलएस हे दुसरं उपकरण मात्र हवेतल्या रेणूंतून आपोआप निघणाऱ्या सूक्ष्मलहरी पकडतं, त्याला रात्र चालते. अंटार्क्टिकावरच्या मैत्री या आपल्या तळावरून ओझोन मोजणारे फुगे सोडतात, त्यांनाही उजेड लागत नाही.

काळोखात मुख्यतः तयारी होते. साधारण उणे ७८ अंशांखाली ढग बनतात आणि त्यांच्या कणांवर हायड्रोजन क्लोराइडसारख्या साठ्यातला क्लोरीन सुटा होतो. एमएलएसला हा साठा घटताना दिसतो. पुढे उन्हात हाच क्लोरीन ओझोन फोडतो. ऊन लागतं त्या काठावर ओझोन थोडा आधी जातो. खरा नाश ऑगस्टअखेरपासून, सूर्य परतल्यावर.

१९९५ ला शून्य लिहू नका, रेघ तोडा. मेटिऑर-३ उपग्रहावरचं टॉम्स हे ओझोन मोजणारं उपकरण डिसेंबर १९९४ मध्ये बंद पडलं, पुढचं टॉम्स जुलै १९९६ मध्ये अवकाशात गेलं.

धागाकर्ती:

खूप आभार! रेघ तोडली. आता ती विचारतेय, २०१९ चा ठिपका एवढा वर का?

प्रतिसाद:

त्या सप्टेंबरात ध्रुवावरची वरची हवा अचानक तापली. ढगच टिकले नाहीत.