मदत हवी आहे: कमी नत्रात फुटवे धरणारं भाताचं जनुक आणि आमचं वालय

मिरगाचीवाट

नमस्कार मंडळी. भातशेती करणारे किंवा वनस्पतिशास्त्र शिकलेले कुणी असाल तर मदत हवी आहे.

आमची शेती कुडाळ तालुक्यात. खाली व्हाळाकडे खाचरं, वर डोंगरउताराला वरकस. मृदा आरोग्य पत्रिकेत वरकसाचं नत्र 'कमी' आलंय, म्हणजे हेक्टरी २८० किलोच्या खाली. आई अजून थोडं वालय, म्हणजे आमचं जुनं गावठी भात, लावते, बाकी सगळं जया हे सुधारित वाण. युरिया वेळेवर मिळाला नाही की जया पिवळं पडतं, फुटवेच (बुडातून फुटणाऱ्या जादा काड्या) धरत नाही. बांधापलीकडचं वालय मात्र हिरवं असतं. उतारा (पिकाचं उत्पन्न) कमी देतं हे मान्य, पण उपाशी दिसत नाही. असं का, ते शोधता शोधता जनुकांपर्यंत पोचले आणि तिथे अडकलेय.

वाचलं ते असं. २०२१ मध्ये चिनी विज्ञान अकादमीच्या संशोधकांनी भातातल्या ओएस-टीसीपी-१९ या जनुकाचं काम उलगडलं. नत्र कमी पडलं की भात फुटवे आवरतं, आणि किती आवरायचे यात या जनुकाचा मोठा हात असतो. त्याच्या चालू-बंद होण्याच्या भागात डीएनएच्या फक्त २९ अक्षरांचा तुकडा असण्या-नसण्याने वाणावाणांत फरक पडतो. यातलं काटकसरीचं, म्हणजे कमी नत्रातही फुटवे धरणारं रूप रानटी भातात सर्रास आहे. जिथल्या जमिनीत नत्र वाढत गेलं, तिथल्या आधुनिक वाणांतून ते बहुतेक गेलं. ते परत आणल्यावर कमी आणि मध्यम नत्रात उतारा वाढला. हजारो वर्षं रानात टिकलेली गोष्ट आपण खताच्या भरवशावर हरवली, याची मला फार हळहळ वाटते.

दुसरं, २०१८ चं जीआरएफ-४. हे जनुक नत्र शोषायला आणि पचवायला मदत करतं. बुटक्या वाणांत डेला नावाची प्रथिनं साठतात, ती उंची रोखतात आणि जीआरएफ-४ लाही अडवतात. जया बुटकंच, तायचुंग नेटिव्ह-१ या तैवानी बुटक्या वाणापासून आलेलं. मग आमच्या खाचरात दिसतं ते हेच का?

मला विचारायचंय ते हे. वालयमध्ये त्या २९ अक्षरांच्या फरकातलं चांगलं रूप आहे का, हे कुठे तपासून मिळेल? आणि जास्त छळणारा प्रश्न: असं जनुक जमिनीत नत्र घालत तर नाहीच. मग आधीच कमी असलेलं नत्र ते जास्त जोरात उपसून काढेल का? वरकस आणखी नागवी होईल अशी भीती वाटते.

तळकोकणी

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो फारसं कुणी विचारत नाही.

एक टन भातामागे पीक साधारण १५ ते २० किलो नत्र उचलतं. जनुक कुठलंही असो, हा हिशेब चुकत नाही. पण खाचर आणि वरकस एका मापाने मोजू नका. खाचरात पाणी उभं असतं, त्यात निळं-हिरवं शेवाळ आणि मोकळे जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. फिलिपिन्समध्ये लॉस बान्योसला १९६३ पासून एकाच शेतात सतत भात घेतात. तिथल्या बिनखताच्या तुकड्यांनीही इतकी वर्षं माफक उतारा दिला आहे. म्हणजे खाचरात चांगलं शोषणारं मूळ फुकट जाणारं नत्र वाचवतं. वरकसात हे भरून येणं फारच थोडं. तिथे नुसतं जनुक आणलं तर तुमची भीती खरी ठरेल. कुळीथ, चवळी फेरपालटीत हवीच, बांधावर हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्पही हवं.

आणखी एक जनुक सांगतो, एनआरटी-१.१-बी. नायट्रेट आत घेणारं हे प्रथिन इंडिका आणि जपोनिका या भाताच्या दोन मुख्य गटांत एका अमिनो आम्लाने वेगळं आहे, आणि इंडिकाचं रूप जास्त नायट्रेट ओढतं. २०१५ चं काम. आपली कोकणातली भातं मुळात इंडिका, तेव्हा ते बहुधा आपल्याकडे आधीपासूनच आहे. उद्या कुणी 'नवीन जनुक' म्हणून ते गळ्यात मारू लागलं तर भुलू नका.

मिरगाचीवाट

खूप आभार! पण चिखलात तर नत्र अमोनियम रूपात असतं ना? मग नायट्रेट ओढणारं जनुक खाचरात कशाला लागतं?

तळकोकणी

नेमकं पकडलंत. भाताच्या मुळात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून प्राणवायू मुळाशी झिरपतो. मुळाभोवतीच्या त्या पातळ थरात जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात आणि मूळ ते जागच्या जागी उचलतं. चिखलात नायट्रेट दिसत नाही, तरी भात ते खात असतं.

रानभेंडी

तपासणीबद्दल. २९ अक्षरांचा फरक साध्या पीसीआरवर (डीएनएच्या एखाद्या तुकड्याच्या प्रती काढून बघायची चाचणी) दिसतो, अख्खा जीनोम म्हणजे सगळा डीएनए वाचायची गरज नाही. जवळच्या जैवतंत्रज्ञान महाविद्यालयात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विचारा, मुलं असे विषय शोधतच असतात. सोबत जयाचं बियाणं द्या. तीन हजारांवर भातवाणांचे जीनोम खुले आहेत, त्यांच्याशी ताडून बघता येईल.

पण जनुक सापडलं म्हणून ते तुमच्या खाचरात काम करतंय असं होत नाही. ते शेतातच बघायला हवं. वालय आणि जया दोन्ही बिनयुरियाचे आणि युरियाचे, असे चार तुकडे करा. एकाच वयाची रोपं, एकाच दिवशी लावणी. बिनयुरियाचे तुकडे वरच्या खाचरात ठेवा, नाहीतर बांधावरून येणारं पाणी खत घेऊन येईल आणि सगळी मेहनत वाया जाईल. लावणीनंतर सहा-सात आठवड्यांनी फुटवे मोजा, पाच-सहा ठिकाणचे. कापणीला दाणे आणि पेंढा दोन्ही तोला. वालयला युरिया हात राखून द्या, उंच वाढतं, लोळेल.

मिरगाचीवाट

वरचं खाचर रिकामं ठेवायला आईला सांगते, ती तयार होईल. एक राहिलं: युरियाच्या तुकड्यांत फेकून द्यायचा की ब्रिकेट (दाबून केलेल्या खताच्या गोळ्या) खोचायच्या? चारसूत्री या भातलावणीच्या पद्धतीत चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये एक, असं आमच्याकडे शिकवलं होतं.

रानभेंडी

ब्रिकेटच. पण चारसूत्रीच्या ब्रिकेटमध्ये डीएपी हे स्फुरद असलेलं खतही असतं, म्हणजे स्फुरद आलंच. तेवढंच स्फुरद बिनयुरियाच्या तुकड्यांना सुपर फॉस्फेटमधून द्या, म्हणजे फरक नत्राचाच राहील. लावणीच्या दिवशीच सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचा. वर राहिली तर नत्र पाण्यात विरघळून वाहतं किंवा हवेत उडतं, आणि मग जयाची भूक किती ते कळणारच नाही.