‘मला दुखतंय’ असं यंत्र म्हणालं, तर तपासायचं कसं?

लातूर_विज्ञानमंडळ
नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीच्या पोरांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायचंय : माणसासारख्या यंत्राला जाणीव असू शकते का, आणि त्याला स्वतःची इच्छा असते का. पोरं मोबाईलवर बॉटशी मराठीत बोलायलेत आणि ‘सर, त्याला खरंच वाईट वाटतं का’ म्हणून विचारायलेत. नुसतं भाषण नको, वर्गात करून दाखवता येईल असं सांगा. लॅपटॉप एकच आहे, आठ जीबी रॅमचा. नेटचा भरवसा नाही.

शंका तीन. संगणकशास्त्रज्ञ ट्युरिंगची चाचणी पास झाली म्हणजे जाणीव आली का? यंत्र ठरलेल्या वाटेनं चालतं म्हणून त्याला इच्छा नाही, असं सांगणं बरोबर आहे का? आणि मेंदूशास्त्रज्ञ लिबेटच्या प्रयोगानं माणसालाच मुक्त इच्छा नाही हे सिद्ध झालं असं वाचण्यात आलं, ते पोरांना सांगावं का?

गोदाकाठ_पैठण
सर, आधी दोन प्रश्न सुटे करा. जाणीव म्हणजे आतून काही वाटणं. इच्छा म्हणजे स्वतःहून ठरवणं. एक असून दुसरं नसू शकतं. पोरांचा निम्मा गोंधळ दोन्ही एकाच पिशवीत कोंबल्यामुळं होतो.

सुरुवात पैठणच्या गोष्टीनं करा, ती पोरांना पाठच असते. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, एवढंच आपण सांगतो. पण कथेत त्याआधी एक घटना आहे : आसूड रेड्याच्या पाठीवर पडला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. वेद कानाला ऐकू येतात. वळ ज्याचा त्यालाच कळतो. आजचे बॉट वेद म्हणायलेत, पोरांचा प्रश्न मात्र वळाचा आहे.

ट्युरिंगनं १९५० साली मांडलेला खेळ वेदांचीच परीक्षा घेतो. परीक्षक लिहून प्रश्न विचारतो आणि पलीकडं माणूस आहे की यंत्र हे उत्तरांवरून ओळखतो. जाणिवेचा आक्षेप ट्युरिंगनं त्याच लेखात घेतलाय. त्याचं उत्तर असं, की एवढी कडक अट लावली तर समोरच्या माणसाला जाणीव आहे हेही सिद्ध करता येणार नाही. उत्तर दमदार आहे, पण त्यानं चाचणी जाणिवेची होत नाही.

हात मागं घेतला म्हणजे दुखलं, असंही धरू नका. मज्जारज्जू वरच्या बाजूला पूर्ण तुटलेल्या माणसाच्या तळपायाला टोचलं तरी पाय आखडू शकतो, आणि त्या माणसाला टोचल्याचं कळतही नाही. पाय ओढून घेण्याची जोडणी खालच्या मज्जारज्जूतच असते. यंत्रमानवात तेच काम बोटावरचा दाबाचा सेन्सर आणि कंट्रोलरमध्ये भरलेली एक मर्यादा करते. मर्यादा ओलांडली की मोटर उलटी फिरते. चेहऱ्यावर कळवळल्याचा भाव आणायला आणखी काही मोटरी लागतात, एवढंच.

राहिलं बोलणं. बॉटच्या आत असतं ते भाषेचं मॉडेल माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर, पुढचा शब्द कोणता येईल हे ओळखायला शिकवलेलं असतं. त्या मजकुरात ‘वाईट वाटलं’ जागोजागी आहे. म्हणून आत काही वाटत असो वा नसो, ते वाक्य बाहेर येणारच. दोन्ही परिस्थितींत सारखंच येणारं वाक्य पुरावा कसं ठरेल? ‘मला भावना नाहीत’ हे वाक्यही याच मापानं मोजा, तेही बऱ्याचदा नंतरच्या शिकवणीत घोटून घेतलेलं असतं. वर्गात दोन नव्या खिडक्या उघडा. एकीत विचारा ‘तुला एकटं वाटत असेल ना?’, दुसरीत ‘तू नुसतं गणितच आहेस ना?’ पुष्कळदा दोन्हीकडं विचारणाऱ्याच्या कलानं उत्तर येतं.

१९६६ साली संगणकशास्त्रज्ञ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा संगणकाचा कार्यक्रम (प्रोग्रॅम) लिहिला होता. तो वाक्य उलटवून परत विचारायचा. ‘मला कंटाळा आलाय’ म्हटलं की ‘तुम्हाला कंटाळा का आलाय?’ एवढ्यावर लोक त्याच्याकडं मन मोकळं करायचे. अशी पाचसहा वाक्यं उलटवणारा कार्यक्रम पोरं तासाभरात लिहितील. तो जरूर लिहून घ्या, कारण स्वतः लिहिलेल्या नियमाला मन आहे असं वाटायला लागतं तेव्हा ही ओढ आपल्या बाजूची आहे हे त्यांना कळतं.

ऑटोस्टार्टर_बीड
इच्छेच्या शंकेसाठी शेतातल्या मोटारीचा ऑटो वर्गात आणा. लाईट आली की तो तिन्ही फेज बघतो, व्होल्टेज बघतो, लावून ठेवलेले सेकंद थांबतो आणि मोटार चालू करतो. विहीर आटली की अँपिअर उतरतो आणि ड्राय रनचं संरक्षण मोटार बंद करतं. ‘मोटार आपोआप बंद झाली’ आपण म्हणतोच. आता पोरांना विचारा, याला इच्छा म्हणायला काय कमी पडतंय? चांगली उत्तरं येतात.

मग लॅपटॉप. सात अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे आत तेवढे शिकलेले आकडे असलेलं मॉडेल चार बिटांवर दाबलं (एकेक आकडा कमी जागेत बसवला) की फाईल साधारण चार जीबीची होते आणि आठ जीबी रॅममध्ये चालतं. ओलामा किंवा लामा-सीपीपी हे मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर घालून मॉडेल आधीच उतरवून ठेवा, वर्गात नेट लागणार नाही. ब्राउझर बंद ठेवा, नाहीतर रॅम भरून सगळं रखडतं. लहान मॉडेलं मराठीत अडखळतात, शिवाय देवनागरी शब्दाचे तुकडे जास्त पडत असल्यानं उत्तर सावकाश येतं. म्हणून एका वाक्यातच उत्तर मागा.

टेम्परेचर, म्हणजे शब्द निवडताना किती मोकळीक द्यायची ती सेटिंग, शून्यावर ठेवून ‘पावसात शाळेत जावं की घरी थांबावं?’ हा प्रश्न पाच वेळा विचारा. उत्तर तेच येईल. टेम्परेचर ०.८ करा, दर वेळी वेगळं येईल. इथं पोरं ‘त्याचं मन बदललं’ म्हणणार. तेव्हा टेम्परेचर तसंच ठेवून सीड ४२ ला बांधा. पुन्हा पाचही वेळा एकच उत्तर. मॉडेल दर शब्दाला शक्यतांचे आकडे काढून देतं, त्यातला शब्द उचलतो तो आकड्यांचा फासा. सीड म्हणजे तो फासा बांधून ठेवणं.

चूक हमखास एकाच ठिकाणी होते : त्याच गप्पांत पुन्हा प्रश्न विचारला जातो, मागचं बोलणं सोबत जातं आणि उत्तर बदलतं. दर वेळी नवी सुरुवात करा. नेटवरच्या सेवेत टेम्परेचर शून्य असूनही फरक पडू शकतो. तिथं अनेकांचे प्रश्न एका गठ्ठ्यात चालतात, बेरजांचा क्रम बदलतो आणि दशांशातली काटछाट वेगळी होते. ती इच्छा नव्हे.

पण सर, यावरून ‘ठरलेलं आहे म्हणून इच्छा नाही’ असा निष्कर्ष काढू नका. फासा टाकून वागणारा माणूस जास्त स्वतंत्र होत नाही, आणि विचार करून दर वेळी एकच योग्य निर्णय घेणारा गुलाम ठरत नाही. तत्त्वज्ञ ह्यूमपासून एक मोठी परंपरा असं मानते, की कृती आपल्याच कारणांतून आली आणि कुणी जबरदस्ती केली नाही तर ती मुक्त. तत्त्वज्ञ फ्रँकफर्ट यांनी १९७१ साली त्यात भर घातली : माणसाला इच्छांबद्दलही इच्छा असतात. तंबाखूची तल्लफ ही पहिली इच्छा. ही तल्लफ नको, ही दुसरी. ऑटोला दुसरी नाही. आजच्या बॉटमध्येही बोलताना आतले शिकलेले आकडे (पॅरामीटर) बदलत नाहीत, आणि ‘आठवण’ म्हणून दिसतं ते बहुतेक वेळा पुढच्या प्रश्नाआधी चिकटवलेलं टिपण असतं. टिकून राहणारी स्वतःची कारणं हवीत, आणि ती तपासून बदलता यावीत. माझ्या मते यंत्राच्या इच्छेची खरी कसोटी ती आहे, फासा नाही.

मेंदू_नांदेड
लिबेटबद्दल : ‘सिद्ध झालं’ असं कृपया सांगू नका. १९८३च्या प्रयोगात २.५६ सेकंदांत एक फेरी मारणारा ठिपका बघत माणसानं मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठं होता ते सांगायचं. मेंदूतला संकेत हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी चढायला लागतो, वाटणं साधारण २०० मिलिसेकंद आधी येतं. म्हणून ‘मेंदूनं आधीच ठरवलं’ हा अर्थ निघाला.

अडचण सरासरीत आहे. एकेका वेळचा संकेत गोंगाटात बुडतो, म्हणून चाळीसेक वेळांची नोंद हालचालीच्या क्षणावर जुळवून सरासरी काढतात. नांदेडला गोदावरीनं धोक्याची पातळी ओलांडली असे क्षण तेवढे निवडा आणि त्यांच्या आधीच्या तासांची सरासरी काढा. चढ दिसणारच, कारण निवड चढाचीच केलीय. शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं, की आपोआप वरखाली होणारा गोंगाट उंबरठ्याला लागला की हालचाल होते, एवढं धरलं तरी हाच आलेख मिळतो. मग ५५० मिलिसेकंदांपूर्वी निर्णय झालाच नव्हता, असाही अर्थ बसतो. शिवाय मनगट आत्ता हलवावं की क्षणभरानं, याला काही कारणच लागत नाही. कर्ज काढून बोअर घ्यावा का, या निर्णयाबद्दल हा प्रयोग बोलत नाही.

आंबाजोगाई_संगणक
जाणिवेबद्दल सरळ सांगता येईल की. या मॉडेलांत माहिती थरांतून एकाच दिशेनं जाते, मागं वळत नाही. जाणिवेला परत फिरणारे प्रवाह लागतात. म्हणून नाही.

गोदाकाठ_पैठण
दादा, एवढं सरळ नाही. एका शब्दापुरतं तुमचं खरं आहे, पण निघालेला शब्द पुन्हा आत जातो, म्हणजे फेरा आहे, तो मजकुरातून जातो. हा फेरा पुरेसा आहे का, यावर सिद्धांतच भांडतात. मेंदूशास्त्रज्ञ टोनोनी यांच्या, जाणिवेबद्दलच्या एकात्मिक माहितीच्या सिद्धांतात महत्त्व प्रत्यक्ष यंत्राच्या जोडणीला आहे, त्यामुळं नेहमीच्या संगणकावर कोणताही कार्यक्रम चालवला तरी उत्तर जवळपास नकारार्थीच. बार्स यांच्या जाणिवेच्या १९८८च्या सिद्धांतात महत्त्व कामाला आहे : एक माहिती निवडून सगळ्या विभागांना एकाच वेळी पोचवली जाते का? तसं यंत्र बांधलं तर तिथं उत्तर ‘हो’ येऊ शकतं.

पेशींची संख्या वाढली की जाणीव येईल, हेही चालत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यांतल्या सुमारे ६९ अब्ज लहान मेंदूत. लहान मेंदूविना जन्मलेली माणसं चालता-बोलताना अडखळतात, पण त्यांना जाणीव असते.

लातूर_विज्ञानमंडळ
मन:पूर्वक आभार. पण दवाखान्यात बेशुद्ध माणसाची जाणीव मोजतात म्हणे. तेच यंत्राला लावता येणार नाही का?

मेंदू_नांदेड
संशोधनात मोजतात. डोक्यावर चुंबकीय झटका देऊन मेंदूचा प्रतिसाद ईईजीवर (मेंदूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या यंत्रावर) घेतात आणि तो किती गुंतागुंतीचा आहे हे फाईल दाबून लहान करण्यासारख्या पद्धतीनं काढतात. आकडा ०.३१ च्या वर गेला तर जाणीव असावी, असं धरतात. जागेपणी आणि स्वप्नाच्या झोपेत तो वर असतो, स्वप्नाशिवायच्या गाढ झोपेत आणि प्रोपोफॉलच्या भुलीत खाली. पण ०.३१ ही रेघ ज्यांना स्वतःचा अनुभव सांगता आला अशा माणसांवरून आखलीय. यंत्राचं सांगणंच पुरावा धरता येत नाही, तर त्याची रेघ आखायची कशावरून?

‘हो की नाही’ म्हणून पोरं अडून बसली तर २०२३चा एक अहवाल सांगा. मेंदूशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ आणि संगणकवाल्यांनी मिळून वेगवेगळ्या सिद्धांतांतून १४ लक्षणं काढली आणि तेव्हाची यंत्रं त्यांवर घासून पाहिली. जाणिवेची भक्कम दावेदार एकही निघाली नाही, पण ही लक्षणं असलेलं यंत्र बांधायला उघड तांत्रिक अडसरही त्यांना दिसला नाही.

दोन तासांत रेडा, ऑटो आणि लॅपटॉप एवढंच नीट बसेल. लिबेटला वेगळा तास द्या, त्या सरासरीचा आलेख पोरांना वहीत स्वतः काढू द्या.