जीएनएमनंतर काय करू? ठाणे, बजेट दीड लाख

कळवा_ब्रदर: नमस्कार मंडळी. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, एमएनसी म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, चार वर्षं ठाण्यातल्या खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत. वय २७, ओपन. पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची बी.एस्सी. नर्सिंग) करू, जर्मनीला जायला जर्मन शिकू की नोरसेट (एम्सच्या नर्सभरतीची परीक्षा) देऊ? हाताशी दीड लाख, त्यावर एक रुपया नाही. कर्ज काढणार नाही, घर माझ्या पगारावर चालतं.

माईंचा_कट्टा: ताई, डोळे झाकून पोस्ट बेसिक कर. पदवी हातात आली की पुढे एम.एस्सी., मग ट्यूटर. आमच्या सूनबाई आता वॉर्डात नाहीत, वर्गात शिकवतात. फी जरा जास्त पडली, पण शिक्षणात काय पैसे बघायचे!

कळवा_ब्रदर: माई, ताई नाही हो, ब्रदर. नावातच आहे.

निवृत्त_इन्चार्ज: पोस्ट बेसिक दोन वर्षं पूर्ण वेळ असतं हे कुणी सांगितलं का त्याला? ड्यूटी सुटणार. फी गेली ती गेली, पगारही गेला. करायचंच असेल तर कॉलेज आयएनसीच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) आणि आपल्या कौन्सिलच्या यादीत आहे का ते स्वतः बघ, एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस. पास झाल्यावर कौन्सिलकडे वाढीव पात्रतेची नोंद करून घे. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या कपाटात ठेवू नकोस. मी ठेवली होती, नोकरी सोडताना परत मिळवायला नाकी नऊ आले.

घोडबंदरवाला: आयसीयूचा अनुभव असून इथे कशाला सडतोस? गल्फ! डेटाफ्लो म्हणजे कागदपत्रांची पडताळणी, प्रोमेट्रिक म्हणजे परवान्याची परीक्षा, बस. माझ्या मेहुण्याने तिकडच्या पगारावर घोडबंदर रोडला टू बीएचके घेतला, वरून पार्किंग.

खारघर_नाइट: मेहुण्याचा फ्लॅट दर धाग्यात येतो 😀 जर्मनीचं मी सांगते. नर्स म्हणून मान्यता हवी तर साधारण बी२ पातळीपर्यंत जर्मन भाषा लागते, तोवर बहुतेक ठिकाणी मदतनीस. नाइट करून सकाळी क्लासला बसले, डेर-डी-दास चालू असताना वहीवर डोकं टेकलं. बाईंनी उठवलं नाही, बिचाऱ्या. एजंटने मात्र 'प्रोसेसिंग'चे पैसे घेतले आणि फोन उचलणं बंद केलं.

ऐरोली_५: पोस्ट बेसिकच कर. पदवीशिवाय विचारत नाहीत.

माईंचा_कट्टा: मी तेच म्हणते आहे.

घोडबंदरवाला: नोरसेटचा नाद सोड. एम्समध्ये ८० टक्के जागा मुलींना, २० टक्के मुलांना. तुझा नंबर कधी लागायचा?

कॅथलॅब_सिस्टर: टक्के बरोबर, पण पूर्ण सांगा ना. जीएनएमवाल्याला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो, वर्षं याच्याकडे आहेत, खाटा तेवढ्या असल्या की झालं. वयाची अट ३० पर्यंत, म्हणजे अजून हातात वेळ आहे. पे लेव्हल ७, मूळ पगार ४४,९०० पासून. आधी प्रिलिम्स, मग मेन्स. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा, म्हणून तुक्के मारू नकोस. पोस्टिंग मात्र देशात कुठेही. आमच्या एका ब्रदरला ऋषिकेश मिळालं, तो खूश आहे, त्याची आई नाही. वाढायचंच असेल तर टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमाही असतो, तोही डोक्यात असू दे.

ऐरोली_५: टाटा म्हणजे परळ? कळव्याहून रोज? सकाळच्या लोकलमध्ये चढून दाखवा आधी.

खारघर_नाइट: टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र खारघरला आहे, पण डिप्लोमाचे वर्ग कुठे भरतात ते विचारूनच जा. आणि तिकडे जाणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलला गर्दी नसते असं मी मुळीच म्हणणार नाही.

ऐरोली_५: ठाण्याला बसून आलात तर बोला. ऐरोलीला दरवाजाही दिसत नाही.

निवृत्त_इन्चार्ज: गाड्यांसाठी वेगळा धागा काढा रे. ब्रदर, ठरलं का काही?

कळवा_ब्रदर: ठरलं. पोस्ट बेसिक नाही, गल्फ नाही, जर्मन नाही. नोरसेट देणार. नोकरी चालू ठेवून नाइटनंतर झोपायचं आणि दुपारी दोन तास एमसीक्यू. वजा गुण असले तरी कोर्सची फी तरी जात नाही, पैसे एफडीत. २० टक्के का होईना, जागा आहेत ना.

घोडबंदरवाला: लोकांनी एवढं सांगून शेवटी स्वतःचंच.

कॅथलॅब_सिस्टर: एक काम आत्ताच कर. अनुभवपत्रावर खाटांची संख्या आणि रुजू झाल्याची तारीख लिहून घे. त्याशिवाय कागदपत्र तपासणीत अडकवतात.

कळवा_ब्रदर: आत्ताच पाकीट उघडलं. तारीख आहे, खाटांचा आकडा नाही. सोमवारी परत एचआरच्या दारात.