गृहलक्ष्मीचे 2000 आणि गावच्या शाळेतला एकच मास्तर

जांबोटीकडचा
आमच्या गावात सरकारी मराठी शाळा आहे, पहिली ते पाचवी. कायम मास्तर एकच. ते कामानिमित्त खानापूरला गेले की पाचही वर्ग अतिथी शिक्षिकेवर, आणि तिचं मानधन दोन-दोन महिने रखडतं. ओढ्यावरचा पूल अजून कागदावरच आहे.

गृहलक्ष्मीचे 2000 मात्र, म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या कर्त्या बाईला दर महिन्याला देतं ते, घरोघरी येतात. आमच्याही घरी येतात. गेल्या जूनमध्ये आमच्या गल्लीतली चार पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली. व्हॅनचं भाडं बायका याच पैशातून भरतात. म्हणजे सरकारचा पैसा सरकारचीच शाळा रिकामी करतोय. पट घटला की मास्तर जातो, मास्तर गेला की उरलेली पोरं जातात.

राज्याचं 2025-26 चं बजेट 4 लाख 9 हजार कोटींचं. त्यात पाच गॅरंटींना, म्हणजे गृहलक्ष्मीसारख्या सरकारच्या हमी योजनांना, सुमारे 51 हजार कोटी, शिक्षणाला 45 हजारांच्या आसपास. वर 19 हजार कोटींची महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चालाच कर्ज. माझं म्हणणं, गरिबाच्या घरचे 2000 चालू राहू देत, पण ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे त्यांचे थांबवा आणि त्या पैशातून शिक्षक भरा. आपल्या सीमाभागापासून सुरुवात करा.

निपाणीची सून
दादा, एकच विचारते. गॅरंटी 2023 ला आल्या. त्याआधी तुमच्या शाळेत किती मास्तर होते? तो पूल का झाला नाही?

माझ्या सासूबाईंनी विड्या वळत जन्म काढला. बोटं वाकडी झालीत. स्वतःच्या नावावर दर महिन्याला पैसे आलेले त्यांनी साठीनंतर पहिल्यांदा बघितले. त्यातून त्या बीपीच्या गोळ्या आणतात, कुणाकडं हात पसरत नाहीत. शक्ती योजना आली, बायकांना सरकारी बस फुकट झाली, आणि त्या एकट्या बेळगावला दवाखान्यात जाऊन येऊ लागल्या. आधी मुलाला खाडा करून सोबत जावं लागायचं.

कोण आई हौसेनं एवढंसं पोर व्हॅनमध्ये बसवते? गावात शाळा नीट चालली असती तर ते पैसे घरातच राहिले असते. आणि आयकर भरणाऱ्यांची, जीएसटीवाल्यांची घरं आधीच योजनेबाहेर आहेत. आता चारचाकी बघायला घरोघर माणसं फिरली की पहिलं नाव कुणाचं कटतं ते रेशनकार्डाच्या वेळी आम्ही बघितलंय.

कणकुंबीचा रानमाणूस
पुलाबद्दल बोलतो. आमच्याकडं अडसर नुसत्या पैशाचा नाही. भीमगड अभयारण्य 2011 ला झालं, तेव्हापासून आतल्या गावांना साधा रस्ता करायचा तर वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात आजारी माणसाला कांबळ्यात घालून खांद्यावरून आणावं लागतं. शेवटी तळेवाडीच्या 27 कुटुंबांना घरटी 15 लाख देऊन बाहेर वसवायचं ठरलं. हा खर्च गॅरंटीचा नव्हे. गॅरंटी उद्या बंद केली तरी आमचा रस्ता होईल असं मला दिसत नाही.

शहापूरकर
मी जांबोटीकरांच्या बाजूने. रोख रक्कम हातात आली की दिसते, रेल्वे दहा वर्षांनी दिसते, म्हणून राजकारण्यांना पहिली सोपी वाटते. बेळगाव-कित्तूर-धारवाड हा 73 किलोमीटरचा नियोजित रेल्वेमार्ग बघा. निम्मा खर्च आणि जमीन राज्याने द्यायची. आज धारवाडला रेल्वेने जायचं तर खानापूर-लोंढा करून वळसा.

पण दोष एकट्या बेंगळुरूचा नाही. केंद्रीय करांतला कर्नाटकाचा वाटा चौदाव्या वित्त आयोगात 4.71 टक्के होता, पंधराव्यात 3.65 वर आला. एवढा हिस्सा कापला गेल्यावर नुसतं गॅरंटीकडे बोट दाखवणं मला पटत नाही.

शिवारवाला
शहापूरकर, तुमची रेल्वे गर्लगुंजी-नंदिहळ्ळीच्या पिकाऊ शिवारातून जाते. बायपासला हलगा-मच्छेची जमीन गेली. पैसा असला तरी हवाच कशाला असले रस्ते? आधी माळरानातून आखणी करा, मग बोला.

निवृत्त गुरुजी
31 वर्षं मराठी शाळांत शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर.

जांबोटीकर, तुमचा राग बरोबर आहे, हिशोब चुकलाय. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत असं त्याच्या परिशिष्टात लिहिलंय. त्याला गॅरंटीचा पैसा वाचायची वाट बघायची गरज नाही. अतिथी शिक्षिका उभी करून दुसरी जागा भरल्याचं दाखवतात, दुखणं तिथं आहे. कायम माणूस घेतला की पगार आयुष्यभर, अतिथी मार्चमध्ये संपतो.

मला जास्त काळजी वेगळीच आहे. त्याच बजेटात 500 नव्या कर्नाटक पब्लिक स्कूल जाहीर झाल्या. पूर्वप्राथमिक ते बारावी एकाच आवारात. ऐकायला छान आहे. पण तिथं शिकवणार कन्नडातून आणि इंग्रजीतून. आजूबाजूच्या छोट्या शाळा त्यात ओढल्या गेल्या तर मराठी माध्यमाच्या सात-आठ पोरांच्या वर्गाचं काय करणार, हे आत्ताच लेखी विचारलं पाहिजे. पोरांना कन्नड आलं पाहिजे, मी स्वतः शिकवलंय. पण पहिलीचं पोर घरच्या भाषेत बेरीज शिकलं तर पक्कं शिकतं.

जांबोटीकडचा
वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आईला विचारून आलो. 2016 ला दोन मास्तर होते. एक निवृत्त झाले, जागा तशीच राहिली. म्हणजे गॅरंटीच्या कितीतरी आधीची गोष्ट. ते मी जोडायला नको होतं. चारचाकीचा मुद्दाही सोडतो, तुमचं रेशनकार्डाचं म्हणणं खरं आहे.

पण कर्ज काढून रोजचा खर्च भागवणं मला अजून पटत नाही. त्यावर माझं मत बदललेलं नाही.

गुरुजी, आमचा पट 27 आहे. एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) बैठकीत दुसऱ्या कायम शिक्षकाचा ठराव घालायचा म्हणतोय. अर्ज मराठीत चालेल की कन्नडात द्यावा?

निवृत्त गुरुजी
दोन्हीत द्या. सोबत पटाची नक्कल आणि ठरावावर आयांच्या सह्या. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.

निपाणीची सून
आयांच्या सह्या आधी घ्या, दादा. आणि व्हॅनमधून जाणाऱ्या त्या चार पोरांच्या आयांकडंही जा.