साधा फोन म्हणजे हट्ट नव्हे

'आता स्मार्टफोन न वापरणं म्हणजे हट्ट, घरच्यांना व्याप; साध्या फोनवरून पैसेसुद्धा पाठवता येत नाहीत' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. अडचणी खऱ्या आहेत, पण पैसे पाठवता येत नाहीत हे कारण बरोबर नाही. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, सातारा जिल्ह्यात गावी राहतात आणि त्यांच्याकडे बटणांचाच फोन आहे. त्यावरून ते *९९# लावून यूपीआयने पैसे पाठवतात. इंटरनेट लागत नाही, मेनू मराठीत मिळतो. बँकेत तोच मोबाइल नंबर नोंदलेला हवा आणि सुरुवातीला पिन ठरवताना डेबिट कार्ड जवळ लागतं, एवढंच. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' सुरू झालं, त्यात नुसता कॉल करूनही व्यवहार होतो. त्रास एकच: *९९# वर उत्तर द्यायला उशीर झाला की मेनू बंद पडतो, पुन्हा पहिल्यापासून. बाबांना शिकायला दिवाळीची अख्खी सुट्टी लागली, आणि तो वेळ दिल्याचं मला फार समाधान आहे.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना हौसेने टचस्क्रीन नेऊन दिला होता. महिनाभराने त्यांनी तो नीट पुसून, डब्यात घालून परत दिला. म्हणाले, "शेतात ओल्या हातांनी उचलता येत नाही रे, आणि रोज चार्जिंग कोण करणार?" त्यांच्या जुन्या फोनची बॅटरी चार-पाच दिवस सहज जाते. ज्याच्या खिशात फोन राहणार, त्याची सोय आधी विचारायला हवी होती. ते मी केलं नव्हतं.