कपाट विकताना आलेला क्यूआर कोड

प्रश्न (सिडको, नाशिक): काल जुन्या सागवानी कपाटाची ऑनलाइन जाहिरात दिली. देवळाली कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, बदली होऊन आल्याचे सांगणाऱ्या एका गृहस्थांनी अजिबात घासाघीस न करता क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकल्यास १२,००० रुपये जमा होतील असे सांगितले. पिन टाकताच तेवढेच पैसे खात्यातून गेले. आता काय करावे?

उत्तर १: आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग बाकीचे वाचा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे व्यवहार क्रमांक, वेळ आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवून बँकेलाही लगेच कळवावे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो केवळ देण्यासाठी असतो.

उत्तर २: लष्करी ओळखपत्राचा फोटो आला असेल, तर तोही तक्रारीला जोडा. ही युक्ती जुनीच आहे. छावणीच्या गावात ती अधिक खरी वाटते, एवढेच.

उत्तर ३: खरेदीदारांसाठी थोडे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणे अपेक्षित आहे. मात्र व्यवहार ॲपबाहेर, व्हॉट्सॲपवर नेला, की कंपनी हात वर करते. जुनी वस्तू असेल तर समोरासमोर, दिवसाढवळ्या पाहूनच पैसे द्यावेत.

प्रश्नकर्ती: १९३० वर नोंद झाली. कपाट अजून घरातच आहे.